शुक्रवारचं प्रस्थान

जोगेश्वरी पूर्वेला, लेण्यांच्या मागच्या चढावर, सोळा खोल्यांची एक बैठी चाळ होती. त्या चाळीत सुगंधाला सगळ्या 'पंचांगीण' म्हणत. तोंडावर नाही, नळावर. कुणाची मुलगी सासरी निघाली, कुणाच्या पोराचं जावळ काढायचं असलं, कुणाला गावाला जायचं असलं, की बाया आधी तिची चेष्टा करत आणि मग तिच्याच दारात येऊन विचारत, "सुगंधे, दिवस कसा आहे बघ गं जरा." ती हात पुसून खुंटीवरचं पंचांग काढी, चष्मा नव्हता म्हणून ते हातभर लांब धरी, आणि सांगे. कधी चुकीचं सांगत नसे. ज्याचा देवावर विश्वास आहे तो खोटं बोलूच शकत नाही, असं ती म्हणे. ही गोष्ट तिच्या त्याच वाक्याची आहे.

नवरा धाकू कणकवलीकडचा. वीस वर्षं गिरणीत बॉयलरवर होता. ब्याऐंशीच्या संपात गिरणी बंद पडली ती पडलीच. मग पाच वर्षं मिळेल ते काम. कधी लॉन्ड्रीत, कधी जुहूच्या एखाद्या हॉटेलात पंप दुरुस्तीला, कधी नुसताच ओट्यावर बसून विडी ओढत. ती पाच वर्षं सुगंधाने सोमवार केले, शुक्रवार केले, संकष्टी केल्या. धाकू म्हणायचा, "देवाक हात जोडून गिरणी चालू झाली असती तर मालकान पयलो हात जोडलो असतो." ती कानावर हात ठेवायची.

सत्त्याऐंशी सालच्या जानेवारीत धाकूला मस्कतची नोकरी मिळाली. एका मोठ्या हॉटेलच्या बॉयलरवर. कागद आले, विमानाचं तिकीट आलं. सुगंधाने तिकीट आधी देवापुढे ठेवलं, मग पंचांग काढलं, आणि तिचं तोंड उतरलं.

विमान शुक्रवारचं. मस्कत पश्चिमेला. आणि शुक्रवारी पश्चिमेला दिशाशूल.

दिशाशूल म्हणजे ज्या वारी ज्या दिशेला प्रवास करू नये तो वार. पण आपल्या जुन्या माणसांनी त्यावरही तोड काढून ठेवली आहे. वार वाईट असला की आदल्या चांगल्या दिवशी प्रवासातली एखादी वस्तू त्या दिशेच्या दुसऱ्या घरी नेऊन ठेवायची. त्याला प्रस्थान ठेवणं म्हणतात. म्हणजे माणूस घरातून निघाला, असं धरायचं. नंतर जाताना ती वस्तू तिथून उचलायची आणि तसंच पुढे जायचं. एकदा बाहेर गेलेलं प्रस्थान पुन्हा आपल्या उंबऱ्याच्या आत मात्र आणायचं नाही.

चाळीच्या पश्चिमेची शेवटची खोली सुंदराबाईची. सुंदराबाई फलटणकडची, बौद्ध. म्युनिसिपालिटीच्या दवाखान्यात आया होती. तिचा नवरा भाऊराव सहारला विमानतळावर सामान चढवायच्या कामावर. ह्या दोघी बायकांचं दहा वर्षांचं गूळपीठ. सुंदराबाई रोज दहाला कामाला निघे तेव्हा तिच्या खोलीची किल्ली सुगंधाच्या दाराच्या चौकटीवरच्या खिळ्याला अडकवून जाई. दुपारी नळाचं पाणी सुगंधा भरून ठेवी, पापड वाळत घालायचे तर सुंदराबाईच्या पत्र्यावर. देवाधर्मावरून मात्र त्यांची रोज खडाजंगी.

"तुझे तेहतीस कोटी," सुंदराबाई म्हणे, "आन माझा एकच. त्यो बी म्हंतो, मी देव न्हाई!"

गुरुवारी संध्याकाळी सुगंधा तिच्याकडे पुरचुंडी घेऊन गेली. मुलगी शेवंती बरोबर होती, आठवीतली. नव्या कापडात सुपारी, हळकुंड, मूठभर तांदूळ. सुंदराबाईने पुरचुंडी हातात घेऊन दाबून बघितली.

"ह्यात कडक काय लागतंय गं?"

"तिकीट आहे."

"इमानाचं?"

"माझी सासू म्हणायची, ज्याच्यावाचून पाऊल उचलत नाही तेच ठेवावं. पूर्वी लोक धोतर ठेवायचे, काठी ठेवायचे. विमानाला काठी काय करायची?"

सुंदराबाई पोट धरून हसली. मग एकदम थांबली. "भावजींना सांगितलंस का?"

"त्यांना सांगितलं तर ते ठेवू देतील? तू ठेव गं. फक्त माझ्या घरी आणून देऊ नकोस हो. काही झालं तरी माझ्या उंबऱ्यात आणायचं नाही. मी येऊन नेईन."

"ठेवते बाई. पर ऐक, मी दहाला जाते. दहाच्या आत ने. आमच्याकडं नवी सिस्टरबाई आलीय, पाच मिनटं उशीर झाला की लाल रेघ मारती. दहाच्या आत, काय?"

"दहाच्या आत," सुगंधा म्हणाली. शेवंती हे सगळं ऐकत उभी होती.

शुक्रवारी विमान दुपारी दीडचं. साडेदहाला निघायचं ठरलं. शेवंती शाळेत गेली. धाकू दाढी करायला नाक्यावर गेला, जाताना बायकोला म्हणाला, "माझी वाट बघू नको, तयार रव." आणि सुगंधा लेण्यातल्या देवीची ओटी भरायला गेली. म्हणाली, जाऊन येते तशीच. पण शुक्रवार, त्यात हळदीकुंकवाचे दिवस; बायांची रांग अंधारातून बाहेर पायरीपर्यंत आलेली. ती रांगेत उभी राहिली. साडेनऊ झाले. मध्येच रांग सोडून जायचं तिच्या मनात आलं, आलं नाही असं नाही. पण रांग सोडली आणि नेमकं आजच देवी कोपली तर? ओटी भरली. मग एकवीस प्रदक्षिणांचा नवस होता. अकरा झाल्यावर तिने एका बाईला वेळ विचारली. दहाला दहा मिनिटं. तिने उरलेल्या दहा घातल्या.

घरी पोचली तेव्हा साडेदहा होऊन गेले होते. धाकू इस्त्रीच्या कपड्यात, ट्रंकेपाशी, लालबुंद.

"गो, तिकीट खंय ठेवलंस? पेटयेत नाय, कपाटात नाय, देवाच्या फळयेवर नाय!"

ती धावत सुंदराबाईच्या दाराशी गेली. दाराला कुलूप. वळून आपल्या चौकटीवर बघितलं. खिळा रिकामा.

मागोमाग धाकू आला. "काय ता? हय कित्याक इलंस?"

तेव्हा तिला सांगावंच लागलं, की तिकीट आत आहे. धाकूने कपाळावर हात मारला. कुलपाला हिसडा दिला. "आणि ही खंय गेली? आज निघूचा हा, ठाऊक नाय तिका?"

आता ह्या जागी एक वाक्य होतं. 'तिने दहाच्या आत सांगितलं होतं, मीच देवळात अडकले.' एवढंच. सुगंधाच्या जिभेवर ते आलं होतं. पण धाकूचा चेहरा बघून ते आत गेलं, आणि त्याच्या जागी दुसरंच बाहेर पडलं.

"गेली वाटतं," ती म्हणाली.

बस. खोटं म्हणावं तर खोटं नाही. गेलीच होती. पण तिने ज्या सुरात ते म्हटलं, त्यात सगळं आलं.

दवाखान्यात जाऊन किल्ली आणेपर्यंत अकरा वाजून गेले. सुंदराबाई वॉर्डात होती, म्हणून किल्ली दुसऱ्या आयेने आणून हातावर ठेवली. टॅक्सी हायवेला लागली तर पुढे गाड्याच गाड्या. सुगंधा टॅक्सीत देवीचं नाव घेत होती आणि धाकू सुंदराबाईचं.

सहारला पोचल्यावर तिला आत जायला तिकीट काढावं लागलं. खिडकीतल्या माणसाने पावतीवर पेनाने वेळ टाकली आणि ती तिच्याकडे सरकवली. आत विमान कंपनीच्या काउंटरवर झुंबड होती. पुढे सोनेरी काड्यांच्या चष्म्याचे एक गृहस्थ काउंटरवर मूठ आपटून इंग्रजीत ओरडत होते. त्यांच्याभोवती आणखी आठ-दहा लोक, सगळे तावात. धाकूने त्या गर्दीच्या कडेने हात घालून तिकीट पुढे केलं. टायवाल्या मुलाने ते उघडलं, घड्याळात बघितलं, पुन्हा धाकूच्या ट्रंकेकडे बघितलं. सुतळीने बांधलेली ट्रंक.

"लेट आलात. काउंटर बंद झालं."

"साहेब, विमान दीडचं…"

"साडेअकराला यायचं असतं. उशिरा आलात तर आम्ही काय करणार? आता नवीन तिकीट काढावं लागेल. बाजूला व्हा."

'उशिरा आलात.' हे शब्द सुगंधाच्या छातीत दाभणासारखे गेले. उशीर कुणाचा ते तिलाच ठाऊक. ती तिथे भांडणार कुठल्या तोंडाने? तिने धाकूच्या शर्टाची बाही ओढली. "चला हो. आपलंच चुकलं." धाकू एरवी चाळीत पाण्यावरून भांडण करणारा माणूस, पण उशिरा आलो म्हटल्यावर तोही मान खाली घालून बाजूला झाला. गर्दीतून बाहेर पडताना सुगंधाने मागे वळून बघितलं. सोनेरी चष्मेवाले अजून मूठ आपटत होते. तिला वाटलं, हेही उशिराच आले असतील, पण काय माणूस, लाज नाही.

संध्याकाळी नळावर पाणी आलं. सगळ्या बाया होत्या. सुंदराबाई नुकतीच कामावरून आलेली, हातात रिकामी कळशी. धाकूला दारात बघून ती चकित झाली. "अवो भावजी, तुम्ही हितं?"

आणि धाकू सुटला. पाच वर्षांचं सगळं त्या बाईवर काढलं. "वहिनी, तुमका एक पुरचुंडी सांभाळूक दिली, ती पण जमली नाय? आज निघूचा हा म्हणून ठाऊक होता ना? कुलूप लावून गेलात! माझ्या पोटावर कुलूप लावलात तुमी!" कागदांची मुदत अकरा दिवसांत संपणार होती. नवीन तिकिटाची ऐपत नव्हती. हे सगळं तो नळावर सोळा घरांना ऐकवत होता.

सुंदराबाईने फक्त सुगंधाकडे बघितलं. वाट बघत होती ती. अगदी शांतपणे, जशी ती बसची वाट बघे तशी.

सुगंधा खाली वाकली आणि बादली विसळू लागली. विसळलेलीच बादली. एकदा, दोनदा, तीनदा. पाणी ओतण्याचा आवाज पुरेसा मोठा होता. वर बघितलं तेव्हा सुंदराबाईची कळशी नळाखाली तशीच होती, रिकामी, आणि ती बाई निघून गेली होती.

"तरी मला वाटलंच होतं," बारा नंबरची सोनूबाई म्हणाली, "प्रस्थान कुणाकडे ठेवावं याला पण काही असतं. ज्यांना आपलं मानायचंच नाही…"

सुगंधाने ते ऐकलं, बादली उचलली आणि घर गाठलं.

रात्रीचं जेवण वाढताना शेवंतीने हळूच विचारलं, "आई, मावशी तर दहाच्या आत ने म्हणाली होती ना?"

"तू गप जेव."

"पण मी होते तिथे. तू हो म्हणालीस."

"गप म्हटलं ना!" सुगंधाने पोरीच्या पानात भात असा आपटला, की कढी ताटाबाहेर गेली. शेवंती तिच्याकडे बघत राहिली. त्या नजरेला काय म्हणावं? राग असता तर सोपं गेलं असतं. पोरगी नुसती शिकत होती.

शनिवार गेला. रविवार गेला. सुगंधा देवापुढे बसे. विमानतळावरची ती आत जायची पावती तिने देवीच्या तसबिरीमागे ठेवली होती, कुंकू लावून. का ठेवली, तिचं तिलाच ठाऊक नव्हतं. पाप जवळ असावं म्हणून असेल. माफ कर, असं ती देवीला म्हणे, आणि तिलाच कळे, की ज्याची माफी मागायची ते दार चाळीच्या दुसऱ्या टोकाला आहे. किल्लीचा खिळा रिकामा होता. सुंदराबाई आता किल्ली कमरेला लावून जात होती. चालताना तिचा आवाज येई.

रविवारी संध्याकाळी भाऊराव आला. दारातच उभा राहिला.

"या ना भावजी, आत या," सुगंधा म्हणाली.

"इथंच बरा आहे, वहिनी." तो धाकूकडे बघून बोलू लागला. "धाकूदादा, खोटं कशाला बोलू, मला यायचं नव्हतं. सुंदरानं पाठवलंय. ती म्हणाली, पोटाचं काम आहे, त्यात राग आणू नका. तुमचं तिकीट दाखवा."

धाकूने मुकाट्याने तिकीट दिलं. भाऊरावने ते उजेडात धरलं. "हे बघा. ओके लिहिलंय. ओके म्हणजे जागा पक्की. आणि हे मागं बारीक छापलंय. काउंटर विमानाच्या एक तास आधी बंद होणार. दीडचं विमान, म्हणजे साडेबारा. तुम्ही किती वाजता पोचलात?"

"बाराक दहा कमी असतील."

"मग उशीर कसला?"

धाकूने तिकीट परत घेऊन त्या बारीक ओळीवरून बोट फिरवलं.

"मी त्या दिवशी ड्युटीवर होतो," भाऊराव म्हणाला. "त्या विमानात जागा होत्या तेवढ्यापेक्षा चौदा तिकिटं जास्त विकलेली. मुद्दाम विकतात. दर वेळी दहा-पंधरा लोक येतच नाहीत, म्हणून विमान रिकामं जायला नको. त्या दिवशी सगळे आले. पावणेबाराला जागा संपल्या, काउंटर बंद. मग मागून येईल त्याला म्हणायचं, लेट आलात. जे भांडले त्या नऊ जणांना हॉटेलात ठेवलं, जेवण दिलं, रविवारच्या विमानात बसवलं. ओके तिकीटवाल्याला खाली ठेवलं तर ते करावंच लागतं त्यांना. तो तुमचा हक्क आहे. जे पाच जण मान खाली घालून गेले, त्यांच्या नावापुढं लिहिलं, प्रवासी आलेच नाहीत."

"आम्ही तर आलो होतो!" सुगंधाच्या तोंडून गेलं.

"भांडला असतात तर आला असतात, वहिनी," भाऊराव म्हणाला. त्याने आतापर्यंत तिच्याकडे बघितलं नव्हतं, आता बघितलं. "सुंदरा त्या दिवशी सव्वादहापर्यंत दाराच्या पायरीवर बसली होती. पुरचुंडी मांडीवर घेऊन. तुमच्या घरात कुणी नव्हतं. ठेवून यावी तर तुम्ही उंबऱ्यात आणायची नाही म्हणालेल्या. तिचा विश्वास नाही. पण तुमचा आहे ना, म्हणून आणली नाही. आणि तुमच्या घरात कुणी नसताना, आत तिकीट असताना किल्ली खिळ्याला उघडी कशी टाकायची, म्हणून तीही बरोबर नेली. लाल रेघ बसलीच तिला." तो वळला. "उद्या अकराला कंपनीच्या हापिसात चला. मी दार दाखवतो. आत बोलणार नाही, माझी नोकरी आहे. तुम्ही एकच विचारा, त्या दिवशी हॉटेलात किती जण ठेवले?"

धाकू बायकोकडे बघत होता. "सव्वादहापर्यंत बसली होती?" तो म्हणाला. दूध उतू जातंय असं पुटपुटत सुगंधा आत गेली. चुलीवर दूध नव्हतं.

सोमवारी तिघं सहारच्या त्या हापिसात गेले. भाऊराव दाराशी, भिंतीला टेकून. आत एक साहेब. मराठीच होते, पण पहिलं वाक्य इंग्रजीत बोलून मग खाली उतरले. धाकूने तिकीट ठेवलं, मागचं बारीक छापलेलं बोटाने दाखवलं. साहेबांनी वहीत बघितलं.

"इथे तर तुम्ही आलाच नाहीत असं आहे."

"इलो होतो साहेब. बाराच्या आत."

"मग काउंटरवर लेट म्हटल्यावर काही बोलला नाहीत ते? लेट झालाच असेल. झाला होता की नाही उशीर?"

"झालो होतो थोडो," धाकू म्हणाला. सवयीने म्हणाला. तीन दिवस तेच तर म्हणत होता. "ती शेजारीण कुलूप लावून गेली, म्हणून…"

साहेब हसले. खुर्चीत मागे रेलले. "म्हणजे तुम्हीच सांगताय, शेजारणीमुळे उशीर झाला. मग आमच्याकडे कशाला आलात? शेजारणीकडे जा."

सुगंधाने दाराकडे बघितलं. भाऊराव आपल्या चपलांकडे बघत होता. ज्याच्या बायकोला दोष दिला जात होता, तो त्याच दोष देणाऱ्यासाठी आपली नोकरी पणाला लावून दाराशी उभा होता. आणि त्याच दोषाची ढाल करून साहेब बसले होते. तिला वाटलं, ही जमीन आता दुभंगली तर फार बरं. पण जमीन विमानतळाची, सिमेंटची. ती कशाला दुभंगते?

"साहेब," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच अनोळखी वाटला. "शेजारणीमुळे नाही झाला उशीर. तिने मला दहाच्या आत ये म्हणून सांगितलं होतं. मी देवळात होते. दहाला दहा कमी आहेत हे कळल्यावरही मी दहा प्रदक्षिणा घातल्या. ती आपली हजेरी बुडवून माझी वाट बघत बसली. मी घरी खोटं बोलले. ह्यांना हे ठाऊक नाही, आज पहिल्यांदा ऐकतायत."

धाकू खुर्चीत हलला. तिने त्याच्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर पुढचं बोलता आलं नसतं.

"तो उशीर घरातून निघायचा. तो माझा. तुमच्याकडे आम्हाला उशीर झाला नव्हता." तिने कमरेच्या पिशवीतून ती पावती काढली. "ही आत यायची पावती. अकरा अठ्ठेचाळीस. तुमच्याच तिकिटावर साडेबारा छापलंय. माझ्या पापाचं मी बघीन, साहेब, पण तुमचं त्यात मिसळू नका. त्या दिवशी हॉटेलात किती जण ठेवलेत तुम्ही, तेवढं सांगा."

साहेबांनी पावती कडेला धरून उचलली. कुंकू बोटाला लागलं, ते त्यांनी रुमालाने पुसलं. बराच वेळ वही चाळली. मग बेल वाजवली, कुणाला तरी बोलावलं, इंग्रजीत चार शब्द झाले. तासाभराने शिक्क्याचं पत्र हातात आलं. येत्या शुक्रवारी, तेच दीडचं विमान, जागा पक्की. चूक झाली असं कुणी म्हटलं नाही. पाणीसुद्धा विचारलं नाही.

बसमध्ये धाकू खिडकीबाहेर बघत होता. मरोळ गेलं तेव्हा म्हणाला, "माका एकदा सांगलं असतंस तर?"

"तुम्ही ओरडला असतात."

"ओरडलंय असतंय. मगे गप झालंय असतंय." तो थांबला. "आता त्या बायेसमोर खंयच्या तोंडान उभो रवू? तीन दिस मी…" सुगंधाला वाटलं, ह्याने मला एक थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं. पण त्या माणसाने कधी हात उगारला नव्हता. ते आता तिला आठवलं.

त्या संध्याकाळी ती सुंदराबाईच्या दाराशी गेली. दार अर्धं उघडं. सुंदराबाई तांदूळ निवडत होती. तिने ये म्हटलं नाही, जा म्हटलं नाही.

"सुंदरा, माझं चुकलं गं," सुगंधा अगदी हळू म्हणाली.

सुंदराबाईने एक खडा बाजूला टाकला. "हितं घरात येऊन हळूच कशापायी सांगतीस? भावजी काय माझ्या घरात येऊन हळूच बोलले व्हते?"

"मग काय करू?"

"मला ठावंच हाय काय झालं ते. ज्यांना ठाव न्हाई त्यांना सांग." आणि सूप पुन्हा हलू लागलं.

मंगळवारी सकाळी नळाला रांग होती. सुगंधाने आपली बादली खाली ठेवली. पंचांग बघून आली नव्हती. सोनूबाई होती, सगळ्या होत्या, सुंदराबाईही होती, आपल्या कळशीशी पाठमोरी. सुगंधा बोलू लागली तेव्हा आधी कुणाचं लक्ष नव्हतं, पाण्याचा आवाज होता. तिने हात लांब करून नळ बंद केला.

"ऐका गं सगळ्या. सुंदराची काही चूक नव्हती. तिने दहाच्या आत ये म्हणून सांगितलं होतं. मी आले नाही. ती बोलणी खात होती तेव्हा मी इथंच उभी होते आणि बादली धूत होते. मी खोटी पडले."

सोनूबाई पदर सावरत म्हणाली, "अगं, होतं असं कधीकधी. देवाच्या कामातच होतीस ना?"

"देवाचं नाव घेऊ नकोस, सोनूताई," सुगंधा म्हणाली. "त्याने नाही मला गप बसायला सांगितलं."

मागून धाकू आला, सगळ्यांच्या देखत सुंदराबाईसमोर उभा राहिला, हात जोडले. सुंदराबाईने नळ पुन्हा सोडला. "पानी जाईल," म्हणाली. "भरा बायांनो." पण कळशी उचलताना तिचे डोळे भरलेले होते, ते सुगंधाने बघितलं, आणि आपण बघितल्याचं दाखवलं नाही.

शुक्रवार आला. पश्चिमेला दिशाशूल होतंच. सुगंधाने प्रस्थान ठेवलं नाही. तिकीट धाकूच्या खिशात होतं, ट्रंक नऊलाच दारात. देवीला घरूनच हात जोडले. पावणेदहाला टॅक्सी आली. सुंदराबाई कामाला निघाली होती, टॅक्सीपाशी थांबली. "जपून जावा, भावजी. कुनी लेट म्हनलं तर काउंटरवर मूठ आपटा." सगळे हसले. तीही हसली. मग ती चढ उतरून गेली, आणि तिच्या कमरेची किल्ली वाजत गेली.

धाकू मस्कतला पोचला. नोकरी लागली. त्याच्या प्रत्येक पत्रात शेवटी असतं, सुंदरावहिनींना माझा नमस्कार सांग. सुगंधा ते पत्र घेऊन जाते आणि ती ओळ वाचून दाखवते. सुंदराबाई चहा टाकते. बोलणं होतं, पापड होतात, देवावरून खडाजंगीसुद्धा होते कधीमधी. लोक अजूनही दिवस विचारायला येतात, सुगंधा सांगते, आणि वर म्हणते, "दिवस कसाही असू दे, वेळेत निघ."

फक्त किल्ली परत आली नाही. चौकटीवरचा खिळा अजून रिकामा आहे. शेवंती एकदा म्हणाली, आई, तो काढून टाकू का, डोक्याला लागतो. सुगंधाने काढू दिला नाही. रोज सकाळी देवापुढे दिवा लावून झाला, की ती दाराशी येते आणि पदराच्या टोकाने तो खिळा पुसते. गंज चढू नये म्हणून.